मदत हवी आहे: जुन्या सुरीची मूठ बदलायची आहे

आईची सुरी आहे. कार्बन स्टीलची, पातं काळपट पडलंय, पण धार अजून उत्तम. परवा चिरताना मुठीत काहीतरी हललं. उजेडात धरून पाहिलं, तर उजव्या बाजूची लाकडी पट्टी मधल्या रिव्हेटपासून (पट्ट्या पात्याला जखडणारी खीळ) शेवटापर्यंत उभी चिरलेली आणि फटीतून तांबूस भुकटी गळतेय. म्हणजे आत गंज चढलाय. पात्याचं लोखंड मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं आहे, पितळी रिव्हेट तीन.

नवी सुरी घे, असं सगळे सांगतात. मला हीच हवी आहे. डाव्या पट्टीवर आईचा अंगठा टेकून टेकून खळगा पडलाय, माझाही अंगठा आपोआप तिथेच जातो. तो नव्या मुठीत उतरवता येईल का?

शिसवीचा वाळलेला तुकडा हाताशी आहे. रिव्हेट ठोकून काढले तर पातं वाकेल का? पातं लाल करून नव्या लाकडात ठोकून बसव, असंही एकाने सुचवलंय. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:
पातं तापवू नका, कृपा करून. ती रीत निमुळत्या शेपटीच्या (पात्याचा मुठीत घुसणारा भाग) अवजारांची, आणि तिथेही फक्त शेपटी तापवतात. सुमारे ३०० अंश सेल्सिअसला पोलाद निळं पडतं. तोवर त्याचा कडकपणा उतरलेला असतो, मग धार टिकत नाही.

आधी पात्याला जाड कापड गुंडाळून चिकटपट्टी लावा. चिरलेली पट्टी नाहीतरी जायचीच आहे, ती पटाशीने फोडून काढा. रिव्हेट उघडे पडले की लोखंडालगत हॅकसॉने कापा आणि पंचाने (बोथट टोकाच्या पोलादी दांडीने) ठोकून दुसऱ्या बाजूला ढकला. खाली भोक पाडलेला लाकडी ठोकळा ठेवलात तर काही वाकत नाही. डावी पट्टी अख्खी निघेल, तोच तुमचा साचा. खळगा कागदावर उतरत नाही; जुनी पट्टी शेजारी ठेवून, बोटाने चाचपत घासा.

धागाकर्ता:
अख्खी निघाली! आतून काळी ठिक्कर पडलीय. व्हिनेगरच्या बोळ्याने गंज सुटला, सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच कोरडं केलं. पण मधलं भोक झिजून लांबट झालंय. आता?

प्रतिसाद:
काळजी नको, ती पोकळी इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा पक्का गोंद) भरून काढतं. फक्त त्या भोकातून लाकडाला आधी ड्रिल मारू नका, नेम चुकतो. गोल भोकांतून मारा, त्यांत पिना घाला, पट्टी हलेनाशी झाली की मग मधलं.

पात्याकडची लाकडाची कड चिकटवण्याआधीच घासून, पॉलिश करून घ्या. नंतर तिथे कानस लावली की पात्यावर ओरखडे आलेच. शिसवी तेलकट असते, चिकटवायच्या बाजू ॲसिटोनने पुसा. इपॉक्सी पाच मिनिटांचं नको, सावकाश आळणारं घ्या. क्लॅम्प फार आवळला तर सगळं बाहेर येतं. घासताना मास्क हवाच, शिसवीचा भुसा घशाला त्रास देतो.

धागाकर्ता:
मनापासून आभार. शेवटी जवसाचं तेल चालेल ना?

प्रतिसाद:
चालेल. पातळ हात, दोन हातांमध्ये काही दिवस जाऊ द्या. तेलाचं फडकं मात्र चुरगळून टाकू नका, आपोआप पेट घेतं. पाण्यात भिजवा किंवा बाहेर पसरून वाळवा.