शाळेचे वर्ष आणि घरातील जेवणाचे नियोजन: आपापले अनुभव लिहावेत

ठाणे (धागा सुरू करताना)

आमची मोठी मुलगी आठवीत असून तिची शाळा सकाळी सातला भरते आणि धाकटा मुलगा तिसरीत आहे. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत, असा निर्णय राज्य शासनाने २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून घेतल्यामुळे धाकट्याची झोप पुरी होऊ लागली, ही मोठीच चांगली गोष्ट झाली. मात्र एकाच घरात आता दोन वेळांना दोन डबे भरावे लागतात आणि मधल्या वेळात न्याहारी व आम्हा दोघांचे ऑफिसचे डबे येत असल्याने ओटा बराच वेळ रिकामा होत नाही.

माझ्या मते या सगळ्यात पोळ्या लाटण्यापेक्षा अधिक थकवणारे काम ठरवण्याचे असते. उद्या कोणती भाजी, ती घरात आहे का, कडधान्य भिजत घातले का, परवा दिलेली भाजी पुन्हा चालेल का, हे सर्व बहुतेक घरांत एकाच व्यक्तीच्या डोक्यात राहते आणि ते काम म्हणून कोणाला दिसतही नाही. आम्ही शनिवारी संध्याकाळी चौघे एकत्र बसून आठवड्याच्या भाज्या ठरवतो आणि मुलगी तो कागद फ्रिजवर लावते. मेथी, शेपू, पालक सोमवार-मंगळवारी संपवायचे आणि कोबी, दुधी, तांबडा भोपळा गुरुवार-शुक्रवारसाठी ठेवायचा, एवढा एक नियम पाळला तरी भाजी वाया जात नाही. रविवारी गवार मोडणे आणि मटार सोलणे मुलांकडे असते.

आपल्याकडे हे कसे चालते? पाककृती येथे नकोत. घराची घडी कशी बसवली आणि ठरवण्याचे काम कोणाकडे आहे, हे लिहावे.

नाशिक

आमचे एकत्र कुटुंब आहे आणि घरातील आठवड्याचे वेळापत्रक कडधान्यांवरून ठरते, असे म्हणायला हरकत नाही. बुधवारी सकाळी डब्यात मटकीची उसळ हवी असेल तर मटकी सोमवारी रात्री भिजत घालावी लागते, मंगळवारी सकाळी उपसून फडक्यात बांधावी लागते, तेव्हा बुधवारपर्यंत मोड येतात. डिसेंबर-जानेवारीत येथे थंडी चांगलीच असते आणि मोड यायला आणखी वेळ लागतो, म्हणून त्या दिवसांत आम्ही बांधलेले फडके बंद कुकरमध्ये ठेवतो किंवा सरळ छोले व राजमा यांकडे वळतो, कारण त्यांना रात्रभर भिजणे पुरते. इडलीची डाळ-तांदूळ शनिवारी दुपारी भिजत पडतात, संध्याकाळी वाटले जातात, रविवारी इडल्या होतात आणि उरलेल्या पिठाचे आप्पे सोमवारी लहान सुट्टीच्या डब्यात जातात.

सासूबाईंकडून मी शिकलेली खरी गोष्ट अशी की, रात्री ओटा आवरताना ‘उद्यासाठी काही भिजवायचे आहे का’ हे मोठ्याने विचारायचे. त्या स्वतःच्या मनाशी आठवत बसत नाहीत, सर्वांना ऐकू जाईल असे विचारतात, आणि त्यामुळे सासरे, दीर किंवा माझी मुलगी, जो कोणी जवळ असेल तो उठून कडधान्याचा डबा काढतो.

श्रावणात सगळे गणित बदलते. सोमवारी मोठ्यांचा उपवास संध्याकाळी सुटतो आणि मुलांची शाळा अर्धा दिवसच असते, त्यामुळे मुलांना दुपारी घरी आल्यावर साधा वरण-भात देऊन पूर्ण स्वयंपाक संध्याकाळी लवकर करावा लागतो. तो दिवस आम्ही आधीच कागदावर वेगळा लिहून ठेवतो.

नागपूर

मी हे वडील म्हणून लिहीत आहे. माझी पत्नी परिचारिका आहे आणि तिच्या पाळ्या सतत बदलतात, त्यामुळे ‘सकाळचे तू, संध्याकाळचे मी’ अशी वेळेवर आधारलेली विभागणी आमच्याकडे टिकणे शक्यच नव्हते. कामे सुटी सुटी वाटली तरी अडचण राहते. कणीक कोणी मळायची आणि भाजी कोणी चिरायची हे ठरते, पण तेल संपत आले आहे हे लक्षात ठेवणे एकाकडेच उरते. म्हणून आम्ही कामांऐवजी जेवणे वाटून घेतली. मुलांचा डबा हा संपूर्णपणे माझा विषय आहे: काय द्यायचे ते ठरवणे, सामान संपण्याआधी आणणे, डबा भरणे आणि संध्याकाळी तो घासून पालथा घालणे. रात्रीचे जेवण तिच्याकडे आहे आणि तिची रात्रपाळी असेल त्या दिवसांसाठी ती वरण किंवा आमटी करून ठेवते, भात आणि पोळ्या मी करतो. पत्नीने यादी द्यायची आणि नवऱ्याने पिशवी घेऊन जायचे, ही फार तर मदत झाली, जबाबदारी नव्हे. माझ्या मित्रांना मी हे आवर्जून सांगत असतो.

विदर्भात उन्हामुळे शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा उघडतात, तरी मार्च-एप्रिलमधील सकाळच्या शाळेचा प्रश्न राहतोच. त्या दिवसांत ओले खोबरे, बटाटा किंवा रस्सा असलेली भाजी दुपारपर्यंत खराब होऊ शकते, म्हणून मी कोरडा झुणका, लसणाची चटणी, तिखट-मिठाच्या पुऱ्या यांवर भर देतो आणि ताक, काकडी, कांदा हे सर्व घरी परतल्यावर देतो.

न्यू जर्सी

येथे शाळा सप्टेंबरमध्ये सुरू होते आणि माझ्या मुलाच्या वर्गात शेंगदाणे आणण्यास पूर्ण मनाई आहे, कारण काही मुलांना त्यांची गंभीर ॲलर्जी असते. दाण्याच्या कुटावाचून भाजी, कोशिंबीर, साबुदाण्याची खिचडी करण्याची सवय हाताला लावून घ्यावी लागली. तिळाचे कूट हा सोपा उपाय वाटतो, परंतु २०२३ पासून अमेरिकेत तीळही प्रमुख ॲलर्जीकारक पदार्थांच्या यादीत आहे, तेव्हा शाळेला विचारल्याशिवाय तेही देऊ नये. आमच्याकडे आठवड्याचा कागद मुलगाच लिहितो, त्यामुळे डबा परत येत नाही.

सातारा जिल्हा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि या विषयाची दुसरी बाजू मांडू इच्छिते. आमच्याकडील मुलांचे दुपारचे जेवण शाळेत होते. पोषण आहार योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम धान्य आणि एकूण जेवणातून ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने, तर सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्य, ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे प्रमाण ठरलेले आहे. हे जेवण मुलांसाठी फार मोलाचे आहे, यात शंका नाही. मात्र अनेक मुले सकाळी केवळ चहा-बिस्किटांवर येतात, कारण आई-वडील त्यांच्या आधी शेतावर गेलेले असतात आणि परिपाठाच्या वेळीच त्यांचे चेहरे उतरलेले दिसतात.

पालक सभेत मी दोन गोष्टी सांगते. रात्री एक भाकरी जास्त टाकून ती झाकून ठेवावी आणि सकाळी ती दुधात कुस्करून किंवा चटणी-तेलाबरोबर खाण्याचे काम थोरल्या भावंडाकडे सोपवावे. दुसरे, शाळेतील आठवड्याचा आहार कोणत्या वारी काय असतो हे मुलांकडून ऐकून घ्यावे, म्हणजे दुपारी खिचडी झाली असेल त्या रात्री घरीही खिचडीच होत नाही आणि पालेभाजी-भाकरीला जागा मिळते. ज्या घरांनी हे केले, तेथे मुलेच संध्याकाळी ‘आज शाळेत अमुक होते’ असे सांगू लागली.

फोंडा, गोवा

आमची मुले दीडच्या सुमारास घरी येऊन जेवतात, त्यामुळे येथे डब्यापेक्षा दुपारचे जेवण महत्त्वाचे. उन्हाळी सुट्टीनंतर शाळा उघडते तेव्हा पाऊस सुरू झालेला असतो आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, म्हणून पावसाळ्याची बेगमी मे महिन्यातच करावी लागते: सुके बांगडे, सुकी सुंगटे (कोळंबी), आमसुले, फणसाच्या आठळ्या, कांद्याच्या माळा आणि अळसांदे (चवळीचा एक प्रकार). सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, पाव आणून देतो, त्यामुळे पातळ भाजी किंवा अळसांद्यांचे तोंडाक (रसदार उसळ) एवढे केले की न्याहारी होते. मी नोकरीला जाण्यापूर्वी आमटी करून ठेवते. भात जाऊबाई लावतात आणि मुलांना वाढतात, तर शनिवारी त्यांच्या मुलांचे जेवण माझ्याकडे असते. काय शिजवायचे हे आम्ही दोघी आदल्या रात्री फोनवर बोलून ठरवतो आणि बंदी उठल्यावर बाजारात ताजे मासे आले की बेत बदलण्याची मोकळीक, जो बाजारात जाईल त्याला दिलेली आहे.