क्वार्टझसाइटला आरव्हीत हिवाळा, जमेल का?

प्रश्न: मी आणि हे, दोघंही रिटायर्ड, न्यू जर्सीत बर्फ उपसून कंटाळलोय, यंदा आरव्ही (राहायची सोय असलेली मोठी गाडी) घेऊन ॲरिझोनात क्वार्टझसाइटला दोन महिने काढावेत म्हणतोय. पाणी-विजेचं काय करतात तिथे?

उत्तर: ताई बिनधास्त जा! तिथल्या ला पोसा या सरकारी कॅम्पिंगच्या जागेचं लाँग टर्म परमिट काढा, सीझन १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल, बाहेर फुकटच्या जागेत १४ दिवसच राहता येतं. हुकअप (गाडीला वीज-पाण्याची थेट जोडणी) नाहीत, सोलर हवंच. पाणी भरायला, सांडपाण्याचा टँक रिकामा करायला ला पोसा साउथला सोय आहे पण भांडी जपून धुवा, मी पहिल्याच आठवड्यात टाकी संपवून बायकोची बोलणी खाल्लीत 😄

दुसरं उत्तर: दिवसा टीशर्ट, पहाटे मात्र हुडहुडी. हीटरसाठी प्रोपेन गॅस जास्त ठेवा.

ताई: आईची गोधडी आहेच, घेते!