मॅटिंग्लीचं काय?

बेसबॉलपटू डेल मर्फीला हॉल ऑफ फेम (बेसबॉलमधल्या महान खेळाडूंचा कायमचा सन्मान) मिळालं नाही, अशी हळहळ कुणीतरी व्यक्त केलेली वाचली. पटलीच. 398 होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके), 1982 आणि 83 असा सलग दोनदा एमव्हीपी (मोसमातला सर्वोत्तम खेळाडू), आणि माणूस म्हणून बोट ठेवायला जागा नाही. पण माझा जीव अडकलाय तो यँकीज या न्यूयॉर्कच्या संघाच्या डॉन मॅटिंग्लीत.

1984 ते 89 ही सहा वर्षं बघा. 84 ला .343 सरासरीने (म्हणजे दर हजार संधींत 343 यशस्वी फटके) बॅटिंगचा किताब, 85 ला एमव्हीपी. 87 ला सलग आठ सामन्यांत होमरन, त्याच मोसमात सहा ग्रँड स्लॅम (तिन्ही बेसवर आपले खेळाडू असताना मारलेला होमरन). फर्स्ट बेसवर क्षेत्ररक्षणाचे एकूण नऊ गोल्ड ग्लव्ह पुरस्कार. मग पाठीने दगा दिला. खेळत राहिला, पण चेंडू पूर्वीसारखा लांब जाईना. शेवटी 222 होमरनवर गाडी थांबली. हॉल ऑफ फेमच्या मतदानात लागतात 75 टक्के मतं. याला पहिल्या वर्षी, 2001 मध्ये, 28 च्या आसपास मिळाली आणि पुढे तेवढीही नाहीत.

नशीब तरी कसलं! यँकीज 1981 ला वर्ल्ड सिरीज (विजेतेपदाची अंतिम मालिका) खेळले, हा आला 82 ला. हा 95 ला थांबला, ते 96 ला जिंकले. एकच प्लेऑफ (मोसमानंतरची बाद फेरी) वाट्याला आला, त्यात पठ्ठ्याने .417 ने धुतलं, तरी संघ सिअॅटलकडून हरला.

‘कारकीर्द छोटी’ म्हणणाऱ्यांनी हॉल ऑफ फेममधल्या सँडी कूफॅक्स या पिचरकडे (चेंडू टाकणाऱ्याकडे) बघावं. त्याचीही खरी झळाळी पाच-सहा वर्षांचीच होती. (पिचर आणि बॅटरची तुलना होत नाही, माहितेय. तरीही.)