‘अ चार्ली ब्राउन ख्रिसमस’ इतकी वर्षं टिकलं ते गुणावर की सवयीवर?

रानजाई:
चार्ल्स शुल्झ यांच्या ‘पीनट्स’ या व्यंगचित्रमालिकेवरून केलेला हा जेमतेम २५ मिनिटांचा कार्टूनपट सीबीएस या अमेरिकी टीव्ही चॅनेलवर पहिल्यांदा लागला ९ डिसेंबर १९६५ ला. तेव्हापासून अमेरिकेत दर नाताळाला लोक तो पुन्हा पाहतात. गोष्ट अगदी एवढीशी. सण तोंडावर आलाय आणि चार्ली ब्राउन या मुलाला आनंदच होत नाही. लुसी नावाची मुलगी त्याला नाताळच्या नाटकाचा दिग्दर्शक करते, पण मुलं त्याचं ऐकत नाहीत. झाड आणायला पाठवलं तर बाजारातली चकचकीत ऍल्युमिनियमची झाडं सोडून तो एक मरतुकडं खरं झाड घेऊन येतो. सगळे त्याला हसतात.

मला वाटतं, हे टिकलं कारण यात त्याच्या उदासपणाला कोणी रोग ठरवून बरं करत नाही. लुसी पाच सेंट घेऊन मानसोपचाराचं दुकान चालवते, त्याला भीतीच्या प्रकारांची यादी ऐकवते, आणि त्यातलं काहीच लागू पडत नाही. त्यावर व्हिन्स ग्वाराल्डी यांचा जॅझ पियानो. सुरुवातीचं गाणं लहान मुलंच गातात, शब्द आनंदाचे आणि चाल मात्र हुरहुर लावणारी. शुल्झ यांनी मागून ध्वनिमुद्रित हशा टाकायला ठाम नकार दिला होता. त्यामुळे विनोद झाला की शांतता असते. हसायचं की गप्प राहायचं, ते आपण ठरवायचं. मुलांना इतकं मोठं समजणारे कार्यक्रम मला फार दिसत नाहीत.

कोरा_कागद:
पूर्ण असहमत. त्या काळात अमेरिकेत तीन मोठी चॅनेलं होती. त्या रात्री जे टीव्ही चालू होते त्यांतल्या जवळपास निम्म्यांवर हेच दिसत होतं. पुढे वर्षातून एकदाच लागायचं, चुकलं की वर्षभर थांबा. अशी टंचाई असली की कशाचाही सण होतो. नाताळचेच दुसरे टीव्ही कार्यक्रम घ्या, ‘रुडॉल्फ’ १९६४ चा, ‘ग्रिंच’ १९६६ चा, तेही अजून चालू आहेत. म्हणजे किमया त्या काळाची आहे, या एका कार्टूनची नाही.

शिवाय चित्रं बघा. हालचाली अडखळतात. चार्लीच्या धाकट्या बहिणीला, सॅलीला, आवाज दिलेल्या मुलीला वाचता येत नव्हतं, तुकड्यातुकड्यांनी बोलवून घेतलं, आणि ते ऐकताना कळतं. सर्वांत खटकणारी गोष्ट वेगळीच. सणाचा बाजार झाला म्हणून रडणाऱ्या या कार्यक्रमाचे पैसे कोका-कोलाने दिले होते! मूळ प्रसारणात कंपनीचं नाव चित्रातच होतं, ते नंतर कापलं.

रानजाई:
पैसे कोणाचे हा प्रश्न रास्त आहे, पण त्या पैशांतून काय बाहेर आलं तेही बघू. सीबीएसच्या अधिकाऱ्यांना हे आवडलं नव्हतं. संथ आहे, जॅझ चालणार नाही, बायबल कशाला, अशा तक्रारी होत्या. निर्माते ली मेंडेलसन आणि दिग्दर्शक बिल मेलेंडेझ यांनाही आपण घोळ घातला असंच वाटत होतं. नुसता माल खपवायचा असता तर या तिन्ही गोष्टी आधी गेल्या असत्या.

आणि रुडॉल्फचं उदाहरण तुम्हीच काढलंत ते बरं झालं. रुडॉल्फ या रेनडिअरला कळपात जागा कधी मिळते? त्याचं लाल नाक वादळात वाट दाखवायला उपयोगी पडतं तेव्हा. चार्ली ब्राउन शेवटपर्यंत कोणाच्या उपयोगी पडत नाही. नाटक त्याला जमत नाही. झाडाला एक शोभेचा गोळा लावतो तर ते वाकतं, आणि आपण ते मारलं असं त्याला वाटतं. तरी मुलं त्याच्यामागून येतात. माझ्या दृष्टीने हा फरक खूप मोठा आहे.

वसईकर:
मी ख्रिस्ती आहे, म्हणून यात येणाऱ्या बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या उताऱ्याबद्दल लिहितो. नाताळचा खरा अर्थ कोणाला माहीत आहे का, असं चार्ली ब्राउन ओरडून विचारतो. त्याचा मित्र लायनस मंचावर जातो, दिवे मंद करायला सांगतो आणि मेंढपाळांना देवदूत दिसल्याचा भाग म्हणतो. आवाज खऱ्या लहान मुलाचा आहे, म्हणून त्यात प्रवचनाचा सूर नाही. हा लायनस आपलं ब्लँकेट कधी सोडत नाही. पण दूत ‘भिऊ नका’ म्हणतो तिथे ते त्याच्या हातून खाली पडतं. त्याकडे कोणी बोट दाखवत नाही. म्हणणं संपल्यावर तो ते पुन्हा उचलतो. विश्वास आला म्हणजे माणसाचे सगळे आधार गळून पडतात असं खोटं सांगितलेलं नाही, यासाठी मला हा प्रसंग प्रिय आहे.

आमच्याकडेही नाताळच्या गोठ्यांच्या, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यांच्या, स्पर्धा होतात, बक्षिसं असतात. त्यामुळे चार्ली ब्राउनचा कुत्रा स्नूपी आपल्या घराला रोषणाई करून स्पर्धेत उतरतो, ते आम्हाला परकं वाटत नाही.

कोरा_कागद:
@वसईकर, ब्लँकेटचं मी पाहिलं नव्हतं, पुन्हा बघेन. पण स्नूपीचा विषय निघालाच आहे, तर सांगा, ते झाड शेवटी कशाने सुंदर होतं? स्नूपीच्या घरावरच्या सजावटीने, जिला त्या बाजारू स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालेलं असतं! मुलं तीच काढून झाडाला लावतात. म्हणजे चार्ली ब्राउनचं साधं झाड साधं असताना कोणालाच पुरत नाही. आणि मघाशी त्याला मूर्ख म्हणणारी मुलं साधी माफीसुद्धा मागत नाहीत.

हडसनकाठ:
न्यू जर्सीहून. सवयीच्या मुद्द्यावर थोडी माहिती. २००१ पासून हे एबीसी या दुसऱ्या चॅनेलवर लागायचं. २०२० मध्ये हक्क ऍपलच्या पैसे भरून पाहायच्या सेवेकडे गेले आणि लोक इतके चिडले की त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी पीबीएस या सार्वजनिक चॅनेलवर मोफत दाखवावं लागलं. आता टंचाई उरलेली नाही, हवं तेव्हा लावता येतं. माझ्या मुलांना १९६५ ची काहीच आठवण असण्याचं कारण नाही, ती गणपतीची आरती म्हणत वाढलेली आहेत. तरी धाकटा दरवेळी टपालपेटीपाशी अडकतो. चार्ली ब्राउन पेटीत डोकावून हाक मारतो, आत फक्त प्रतिध्वनी. एकही शुभेच्छापत्र नाही. ‘त्याला कुणीच का नाही पाठवलं?’ हे तो मला विचारतो. हा प्रश्न त्याला कोणत्याही चॅनेलने शिकवलेला नाही.

रानजाई:
@कोरा_कागद, सजावटीचा मुद्दा मजबूत आहे, पण क्रम बघा. आधी लायनस म्हणतो की झाड तितकंसं वाईट नाही, त्याला फक्त थोडी माया हवी. मग तो आपलं ब्लँकेट झाडाच्या बुंध्याभोवती गुंडाळतो. सजावट त्यानंतर येते. आणि ती ज्या घरावर बक्षीस मिळवून बसली होती तिथून काढली जाते, याला माझ्या लेखी अर्थ आहे.

कोरा_कागद:
ब्लँकेट बुंध्याला गुंडाळणं मानलं. संगीताबद्दल तर माझं भांडण नव्हतंच, ग्वाराल्डींची ध्वनिमुद्रिका मी एरवीही ऐकतो. पण माफीचं काय? सगळ्यांनी मिळून ‘मेरी ख्रिसमस, चार्ली ब्राउन’ ओरडणं म्हणजे माफी नव्हे. ज्या मुलाला वर्गात सगळे हसतात त्याला हे दाखवताना मला अवघड वाटतं.

वसईकर:
त्याच मुलाला मी दाखवेन. त्याला हसणाऱ्यांनी कधी माफी मागितलेली नसते, तरी दुसऱ्या दिवशी त्यांच्यातच बसायचं असतं. इथे निदान तो परत येतो तेव्हा ते गुणगुणत थांबलेले असतात, आणि पुढचं गाणं त्याला बरोबर घेऊन म्हणतात.

कोरा_कागद:
तरी लुसीने एक वाक्य बोलायला हवं होतं.