मदत हवी आहे: दुधाची ॲलर्जी असलेल्या बाळाची पावडर नाशिकमध्ये कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी. भाची पाच महिन्यांची. वरचं दूध दिलं की गालावर चट्टे, शीमध्ये रक्ताचे धागे. डॉक्टरांनी ‘एक्स्टेन्सिव्हली हायड्रोलाइज्ड’ पावडर लिहून दिली आहे. म्हणजे दुधातल्या केसिन, बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन या प्रथिनांचे एन्झाइमने इतके बारीक तुकडे केलेले (बहुतेक ३००० डाल्टनच्या आतले; डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं एकक) की बहुतेक बाळांच्या अंगाला ते ओळखूच येत नाहीत. कॉलेज रोडच्या एका दुकानदाराने ‘पार्शली’वाला, म्हणजे प्रथिनं अर्धवटच तोडलेला, डबा पुढे केला. तो ॲलर्जी असलेल्या बाळाला चालत नाही. नुसतं लॅक्टोज-फ्रीही नाही, त्यात प्रथिनं तशीच असतात.

सिडको, इंदिरानगर, पंचवटीकडे कुठे खात्रीने मिळते का? तुकड्यांचा आकार डब्यावर छापलेला असतो, की कंपनीलाच विचारावं लागतं? आणि शेळीचं दूध प्लीज सुचवू नका, आजीचं सुचवून झालंय! त्यातली प्रथिनं जवळजवळ तशीच असतात.