ओरड सोवळ्यामुळे नव्हती

वर एकानं लिहिलंय की २०१३ मध्ये अमेरिकन पॉप गायिका माइली सायरसवर, एमटीव्हीच्या पुरस्कार सोहळ्यातल्या तिच्या नाचावरून, उठलेली ओरड म्हणजे नुसता सोवळेपणा. नाही पटलं भाऊ. ट्वर्किंग, म्हणजे तिनं केलेला कुल्ले हलवायचा नाच, अमेरिकेतल्या न्यू ऑर्लीन्सच्या कृष्णवर्णीयांच्या बाउन्स संगीतातून वर आलं. माइलीनं ते उचललं, वरून अंगानं भरलेल्या कृष्णवर्णीय नर्तकी शोभेच्या वस्तूंसारख्या मंचावर उभ्या केल्या, हा मुख्य आक्षेप होता. माइलीच्या स्वतःच्या अंगावरून झालेले विनोद मात्र निव्वळ हलकट.

आपल्या नागपुरात काय वेगळं? महाल भागात गणपतीला एका ऑर्केस्ट्रावाल्यानं खड्या गमतीच्या, म्हणजे आपल्या विदर्भातल्या लोकनाट्याच्या, नाच्याची (बाईच्या वेशात नाचणाऱ्या पुरुषाची) नक्कल केली. लुगडं, घुंगरू अन् पोटाला बांधलेली उशी! उशी हलली की लोक खिदळत. शेजारची जाडसर पोरगी, कथक शिकणारी, खुर्ची सरकवून मुकाट निघून गेली. मीही हसत होतो म्हणा.