राज्याभिषेकाचं बरोक वृंदगान: 'झेडॉक'नंतर काय ऐकू?

षड्जपंचम: २०२३ मध्ये चार्ल्स राजाच्या राज्याभिषेकात बरोक काळातल्या (युरोपात साधारण १६०० ते १७५०) हँडेल या संगीतकाराचं 'झेडॉक द प्रीस्ट' ऐकलं आणि वेडच लागलं. व्हायोलिनं नुसती चढत राहतात, आणि मग सगळा कॉयर (गायकवृंद) एकदम अंगावर येतो! राजेरजवाड्यांच्या सोहळ्यांसाठी लिहिलेलं असं आणखी काय आहे? आमचे कान ख्याल-ठुमरीवर पोसलेले, इकडे अगदी नवखा आहे.

मंद्रसप्तक: आधी हँडेलच पुरा करा. ब्रिटनचा राजा दुसरा जॉर्ज याच्या राज्याभिषेकासाठी, १७२७ मध्ये, त्याने चार अँथम (चर्चमध्ये गायची वृंदगीतं) लिहिली. 'झेडॉक' त्यातलं एक. तुम्ही म्हणता तो चढाव २२ बारांचा (बार म्हणजे तालाचं एक छोटं आवर्तन) आहे, त्यानंतर कॉयर सात आवाजांत फुटतो. पण माझं मत विचाराल तर त्याची राणी कॅरोलाइन हिच्यासाठीचं 'माय हार्ट इज इन्डायटिंग' त्याहून सरस. तुताऱ्या जपून वापरल्यात, म्हणून लागतात तेव्हा काटा येतो. सायमन प्रेस्टन आणि वेस्टमिन्स्टर ॲबीच्या कॉयरचं रेकॉर्डिंग घ्या.

तानपुरा_पुणे: इंग्रज संगीतकार पर्सेल विसरू नका हो. मेरी राणीच्या वाढदिवसासाठी, १६९४ मध्ये, त्याने 'कम ये सन्स ऑफ आर्ट' लिहिलं. त्यात दोन काउंटरटेनर (उंच पट्टीत गाणारे पुरुष) 'साउंड द ट्रम्पेट' गातात, पण तुतारी वाजतच नाही! खाली बेसची एकच ओळ फिरत राहते आणि गळेच तुतारी होतात. जुगलबंदी ऐकणाऱ्याला लगेच भिडेल. त्याच डिसेंबरात राणी गेली, तिच्या अंत्ययात्रेचं संगीतही पर्सेलचंच. पुढच्या नोव्हेंबरात तोही गेला.

षड्जपंचम: वा! आणि जर्मन संगीतकार बाख? त्याचा राजेलोकांशी काही संबंध होता का?

मंद्रसप्तक: होता तर. जर्मनीतल्या सॅक्सनीची इलेक्ट्रेस (तिथल्या शासकाची पत्नी) आणि पोलंडची राणी मारिया योझेफा, तिच्या वाढदिवसाला, ८ डिसेंबर १७३३ रोजी, लायप्झिगमध्ये त्याचा 'ट्योनेट, ईर पाउकेन' हा कँटाटा (वाद्यवृंदासह गायची अनेक भागांची रचना) झाला. सुरुवातच टिंपनीच्या (नगाऱ्यांच्या) एकट्या ठोक्यांनी. पुढच्याच वर्षी बाखने त्याचाच पहिला कोरस (वृंदगान), शब्द बदलून, 'ख्रिसमस ऑरेटोरिओ' या नाताळाच्या मोठ्या गायनरचनेच्या आरंभी घेतला. राणीचा वाढदिवस एका दिवसाचा, चर्चमध्ये मात्र ते दर नाताळात गाता येतं.

षड्जपंचम: जर्मन शब्द कळणार नाहीत, चालेल?

तानपुरा_पुणे: चालेल. कँटाटा आणि ऑरेटोरिओ, दोन्हींचे पहिले कोरस पाठोपाठ लावा, भाषांतर समोर ठेवून. पहिल्यात कोरस नगारे-तुताऱ्यांनाच वाजायला सांगतो, म्हणून टिंपनी आधी. चाल त्या शब्दांसाठीच बांधलेली, हे तिथे ऐकू येतं.